धूर नाही, पण वायू आहे

श्रोतेहो, नमस्कार.

थंडीची रात्र आहे. शेगडीचा धूर केव्हाच विरलाय. निखाऱ्यांवर राखेचा पातळ पापुद्रा आलाय, फुंकर घातली की आतला लालभडकपणा दिसतो. कुणीतरी म्हणतं, "धूर गेलाय आता, आत घ्या शेगडी." मग दारं-खिडक्या लावून सगळे झोपी जातात. आज मला बोलायचंय ते याच एका वाक्याबद्दल, कारण एवढ्याशा गैरसमजापायी झोपलेली माणसं पुन्हा उठलेली नाहीत.

निखारा लाल आहे तोवर त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. जळताना ऑक्सिजन अपुरा पडला की हा वायू तयार होतो, आणि बंद खोलीत ऑक्सिजन तर कमीच होत जातो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस बाहेर पळतो. इथे उठावंसंच वाटत नाही, उलट गुंगी येते.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. वर, रक्तात जो काही ऑक्सिजन उरतो तोही पेशींपर्यंत सहजी सुटत नाही. पहिला फटका बसतो मेंदूला आणि हृदयाला. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका असतो.

खाणकामगारांना हे फार पूर्वी कळलं होतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेऊ लागले. इवल्या जिवाचा श्वास जलद, त्यामुळे माणसाच्या आधी पक्षी कोसळायचा. तिथली ही पद्धत बंद करायचं ठरलं ते थेट १९८६ साली. आता घरात लावायचं, धोका होताच कर्कश वाजणारं यंत्र मिळतं. झोपायच्या खोलीजवळ ते असावं, असं मी आग्रहाने सांगेन.

शेगडीच कशाला? कोंदट न्हाणीघरातला गॅस गीझर, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, खिडकीशी लावलेला जनरेटर, सगळीकडे हाच वायू. रस्त्यावरच्या धुरातही तो असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बाहेरच्या हवेसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४ मिलिग्रॅम अशी सुचवली. पण बंद खोलीत हे प्रमाण बघता बघता कितीतरी पट वाढतं.

डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते. वाटतं, पित्त झालं असेल. पण घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखतंय, ताप कुणालाच नाही, आणि बाहेर मोकळ्यावर गेलं की बरं वाटतंय? मग क्षणभरही विचार करू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग मदत बोलवा.

आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. विषारी वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे माणूस अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. डॉक्टरांना शेगडीचं, गीझरचं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्ताची नेमकी तपासणी करतील. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.