जादा निघाली तरी केस

प्राचार्य महोदय, प्राध्यापक मंडळी, आणि मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेले माझे खरे भाऊबंद,

पत्रिकेवर विषय छापलाय: 'पहिली नोकरी: स्वत्व जपण्याची पाच सूत्रं'. विषय सरांनी दिला आणि सूत्रं पाच असावीत हेही सरांनीच ठरवलं. सकाळी विट्याला एसटीत बसल्यापासून शोधतोय, तासगावपर्यंत तीन सापडली. वेळ उरला तर सांगतो.

स्वत्व म्हटलं की लोक डब्यातली भाकरी आणि ऑफिसात मराठी बोलायचं की नाही, यावर येतात. त्यात काही दम नाही. हिंजवडीत गेलेला पोरगा तीन महिन्यांत 'ॲक्च्युअली' म्हणायला लागतो. दिवाळीला घरी आला की आई दोन दिवस हसते, तिसऱ्या दिवशी आपोआप उतरतं. माणूस बदलतो तो शुक्रवारी संध्याकाळी, टाइमशीट भरताना.

टाइमशीट किती जणांना माहीत आहे? एक हात. तोही सरांचा. तर आठवड्यात कुठल्या कामाला किती तास दिले, ते रकान्यांत भरायचं. बेरीज चाळीस आली पाहिजे. ताशी दराचं कंत्राट असेल, तर हेच तास पुढे परदेशातल्या क्लायंटच्या बिलावर चढतात.

आता जरा आडवळण. आमचे आण्णा एसटीत कंडक्टर. मशिन यायच्या आधीचा काळ: तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद. टप्पा संपायच्या आत तिकिटं फाडून शेवटचा नंबर वेबिलावर चढवायचा. गाडी खड्ड्यातून उड्या मारतेय, पाठ सीटला टेकवलेली, ट्रेवर वेबिल, आणि अक्षर मात्र मोत्यासारखं. माझं अक्षर आजही टेबलावर बसून तसं येत नाही. ड्यूटीवर चढताना स्वतःच्या खिशातले पैसेही लिहून द्यायचे. सतरा रुपये असतील तर सतरा. कारण वाटेत तपासणीवाले कुठंही गाडी थांबवायचे आणि पिशवी मोजायचे. कमी निघाली तर केस. आणि जादा निघाली तरी केस. लहानपणी मला हे काही केल्या पटायचं नाही. जादा निघाली तर बक्षीस द्यायला पाहिजे! आण्णा म्हणायचे, "जादा म्हंजे कुणाचं तरी तिकीट फाडलं न्हाई."

२००६ साली मला पुण्यात नोकरी लागली. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिथं मित्र आहेत. पहिला प्रोजेक्ट. क्लायंटच्या सर्व्हरचा ॲक्सेस आलेला नव्हता, म्हणून मी आठवडाभर नुसता बसून. कॅन्टीनचा मेनू पाठ झाला, शेजारच्या कुंडीतल्या मनी प्लांटला नवीन पान आलेलं मीच पहिल्यांदा पाहिलं. शुक्रवारी टाइमशीट उघडली आणि इमानदारीत लिहिलं: कागदपत्रं वाचली, सहा तास. बसून होतो, चौतीस तास.

सोमवारी बोलावणं आलं. आमच्याकडे मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं होती, त्यामुळे शिपाई आला तो म्हणाला, "साहेबांनी राजगडावर बोलावलंय." मॅनेजर माणूस भला. दार लावून म्हणाले,
"काय लिहिलंस हे?"
"खरं ते लिहिलं, सर."
"खरं आहे ते मलाही माहितीय रे. पण ते लिहायचं असतं का?"
मग त्यांनी माऊस हातात घेतला, चौतीस तास खोडले आणि यादीतून 'नॉलेज ट्रान्सफर', म्हणजे दुसऱ्याकडून काम समजून घेणं, निवडलं. ॲक्सेस यायला आणखी तीन आठवडे लागले. तिन्ही शुक्रवारी 'नॉलेज ट्रान्सफर' मी स्वतःच्या हातानं लिहिलं. कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून सांगतो, मी इथं धुतल्या तांदळासारखा उभा नाही.

पण माझा मुद्दा हा नाहीच. सहा महिन्यांनी उलटं झालं. डिलिव्हरी तोंडावर, रात्री अकरा-अकरापर्यंत काम, शनिवारही गेला. आठवड्याचे सत्तर तास भरले, लिहिले चाळीस. सगळेच तसं करायचे. जास्त लिहिले तर याला काम जमत नाही म्हणतील, ही भीती. रविवारी आण्णांना फोन करून हे मी फुशारकीनं सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग म्हणाले, "म्हंजे पिशवीत जादा निघाली की रं."

तेव्हा नाही कळलं. दोन वर्षांनी त्याच तऱ्हेचं काम पुन्हा आलं. नवा अंदाज कशावरून बांधला? आमच्या जुन्या टाइमशीटवरून. चाळीस तासांत होतं, कागदावर दिसतंय ना! आणि त्या कामावर बसवलेली चार पोरं माझ्या खोट्या चाळीसपायी रात्री बारापर्यंत बसली. त्यांचं तिकीट मीच फाडलं नव्हतं.

सरांची चिठ्ठी आली: दहा मिनिटं. पुढं बक्षीससमारंभ आहे, तेव्हा सूत्रं पळत पळत.

पहिलं, पगाराची स्लिप वाचा. ऑफर लेटरवर साडेतीन लाख असतं, म्हणजे महिन्याला २९ हजार १६६. मूळ पगार १५ हजार धरा. तुमचा पीएफ १८००, कंपनीचा हिस्सा १८०० तोही त्याच आकड्यात, ग्रॅच्युइटीचे ७२१, जी नोकरी सोडताना मिळते, तीही पाच वर्षं टिकलात तर, आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात साडेचोवीसच्या आसपास. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा पगाराचा भाग, किंवा विमा त्यात धरला असेल तर आणखी खाली. घरी हा आकडा सांगा, तो साडेतीनवाला नको.

दुसरं, 'होऊन जाईल सर' हे वाक्य पहिलं वर्षभर जिभेवर येऊ देऊ नका. 'बघून चारपर्यंत सांगतो' म्हणा, आणि चारला सांगा.

तिसरं, राजीनाम्याची नोटीस बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसांची असते. सही करण्याआधी ते पान वाचा. मी वाचलं नव्हतं, पण तो किस्सा आता राहू दे.

चौथं आणि पाचवं सर सांगतील.

आज शुक्रवार. परतीच्या गाडीत मला टाइमशीट भरायचीय. आज रजा आहे, पण सकाळी एसटी स्टँडवर उभा राहून दोन तास एका कॉलवर होतो. म्हणजे रजा सहा तास, काम दोन तास. आमची सिस्टीम रजा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचीच घेते. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.