मान हलली म्हणजे समजलं असं नाही

नमस्कार श्रोतेहो.

मी नर्सिंगची शिक्षिका आहे. परिचारिका जिथे घडते त्या वर्गाबद्दल आज तुमच्याशी बोलायचंय. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या वर्णाच्या, वेगळ्या घडणीच्या माणसाची शुश्रूषा करायला आम्ही तिथे कसं शिकवतो आणि कुठे कमी पडतो, हा आजचा विषय. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मी शेवटच्या वर्षाला होते. एका बाईंना डिस्चार्जच्या सूचना द्यायचं काम माझ्याकडे आलं. ऑपरेशनची जखम कशी जपायची, ड्रेसिंग कधी बदलायचं, कोणती गोळी किती वेळा घ्यायची. त्यांची भाषा वेगळी होती, पण 'त्यांना आपलं थोडं थोडं कळतं' असं वॉर्डात सगळे म्हणत होते. मी सावकाश आणि जरा मोठ्या आवाजात बोलले. प्रत्येक वाक्याला त्यांनी हसून मान हलवली. शेवटी मी विचारलं, "समजलं ना?" त्या "हो" म्हणाल्या. मी फाइलवर 'सूचना दिल्या, रुग्णास समजल्या' असं लिहिलं आणि सही केली.

आठव्या दिवशी त्या अंगात ताप आणि चिघळलेली जखम घेऊन परत आल्या. ड्रेसिंग एकदाही बदललेलं नव्हतं. मला पाहिल्यावर त्यांनी पुन्हा तशीच हसून मान हलवली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती मान माझ्या बोलण्याला आदर म्हणून हलत होती. समजण्याशी तिचा काही संबंध नव्हता. नोंद पूर्ण होती, त्यामुळे मला कुणीच काही बोललं नाही. ते मला आजही लागतं.

आता मी विद्यार्थ्यांना "समजलं का?" हा प्रश्न विचारूच देत नाही. त्या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी म्हणायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही काय काय कराल, ते मला सांगा." यात परीक्षा रुग्णाची होत नाही, सांगणाऱ्याची होते. चुकलं तर पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत, हातानं करून दाखवून. याला फार तर पाच मिनिटं जास्त लागतात.

भाषेची चूक किती महाग पडते याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितलं जातं. १९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरचे स्पॅनिश बोलणारे. पोटात काहीतरी बाधलंय, या अर्थानं त्यांनी 'इंटॉक्सिकाडो' हा शब्द वापरला. ऐकणाऱ्यांनी तो इंग्रजीतल्या 'इंटॉक्सिकेटेड'सारखा समजून त्याचा अर्थ नशा असा घेतला आणि अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार सुरू झाले. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. दोन भाषांमधला सारखा वाटणारा एक शब्द, आणि 'दुभाषा बोलवा' असं कुणालाही वाटलं नाही, कारण सगळ्यांना आपल्याला कळलंय असंच वाटत होतं.

दुभाषा म्हटलं की आपण चटकन नातेवाइकाकडे पाहतो. पुष्कळदा तो नातेवाईक म्हणजे शाळेत जाणारं मूल असतं, कारण घरात नवी भाषा सगळ्यांत आधी त्यालाच आलेली असते. आईच्या पोटातली गाठ कसली आहे, हे आईला सांगायचं काम दहा वर्षांच्या मुलावर टाकणं मला क्रूर वाटतं. ते मूल शब्द गाळतं, मऊ करतं, कधी गप्पच बसतं. त्याचा काय दोष?

भाषेची अडचण किमान ऐकू तरी येते. पुस्तकात दडलेली गोष्ट दिसतही नाही. उदाहरण बेडसोअरचं घ्या. रुग्ण एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिला की माकडहाडावर, टाचांवर दाबाची जखम होते. पहिली खूण म्हणून आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो, 'दाबल्यावर फिकी न होणारी लाली'. बरोबर आहे. पण कुणाच्या त्वचेवर? गडद त्वचेवर ती लाली दिसतच नाही, किंवा जांभळट, आजूबाजूपेक्षा थोडी काळपट दिसते. विद्यार्थिनी लाली शोधते, ती सापडत नाही, ती 'त्वचा ठीक' लिहिते आणि दोन दिवसांनी तिथे कातडी फाटते. अशा वेळी बोटांनी पाहायचं असतं. शेजारच्या भागापेक्षा तिथे गरम लागतंय की गार, घट्ट लागतंय की पिचपिचीत? रुग्णाला तिथे दुखतंय का? ऑक्सिजन कमी पडून येणारी निळसर छटाही तशीच. ती गालावर शोधू नये, हिरड्या, जीभ, ओठांची आतली बाजू, डोळ्याची खालची पापणी इथे पाहावी. पांडुरपणासाठी, म्हणजे रक्त कमी पडून येणाऱ्या फिकटपणासाठीही ओठ, हिरड्या आणि पापणीच पाहायच्या.

रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तरी सगळ्यांना सारखं वागवत असेल, असं मलाही वाटायचं. २०२० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्ततपासणीत ऑक्सिजन कमी आणि यंत्रावर मात्र आकडा ठीक, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. तेव्हापासून मी आकड्यासोबत श्वासाचा वेग आणि रुग्णाचा चेहरा पाहायला लावते. आमच्या स्किल लॅबमधले मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचे पुतळे, कोणत्या रंगाचे आहेत, हेही पहिल्यांदा माझ्या नीट डोळ्यांत भरलं ते तेव्हाच.

आता जरा वादाच्या गोष्टीकडे येते. वैविध्य शिकवायचं म्हटलं की बऱ्याच ठिकाणी एक तक्ता देतात. अमुक समाजाचे लोक असे वागतात, तमुक समाजाचे तसे. परीक्षेला सोपं जातं. मला हा तक्ता धोक्याचा वाटतो. तो पाठ केलेली विद्यार्थिनी रुग्णाजवळ जाते तेव्हा तिला समोरचा माणूस दिसण्याआधी तक्त्यातली ओळ दिसते. मग हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती देताना, वाक्य येतं, "या लोकांना दुखणं सहनच होत नाही." किंवा याच्या अगदी उलट. कुणी दुखलं की मोठ्यानं कण्हतं, कुणी पलंगाचा दांडा घट्ट धरून गप्प राहतं. दोघांनाही वेदनाशामक हवंय. दांडा धरणाऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहायला कोणताच तक्ता शिकवत नाही.

या विचाराला शास्त्राचं रूप देणाऱ्या पहिल्या परिचारिकांपैकी मॅडेलिन लायनिंगर यांचं नाव घ्यायलाच हवं. १९५० च्या दशकात अमेरिकेत त्या मानसिक आजाराच्या मुलांसोबत काम करत होत्या. वेगवेगळ्या घरांतून आलेली मुलं एकाच शुश्रूषेला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या शिक्षणात याचं उत्तर नाही हे मान्य केलं. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीच्या डोंगराळ भागात जाऊन राहिल्या. माणसं काळजी घेणं कशाला म्हणतात, हे समजून घ्यायला त्या तिथे गेल्या होत्या. आज नर्सिंगमध्ये आंतरसांस्कृतिक शुश्रूषा म्हणून जे शिकवलं जातं त्याचा पाया त्यांनी घातला.

पण माझ्या मनात जास्त घर केलंय ते न्यूझीलंडमधल्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, परिचारिका आणि शिक्षिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी. १९८८ मध्ये तिथे माओरी परिचारिकांची आणि विद्यार्थिनींची एक सभा झाली. त्यात एका विद्यार्थिनीनं विचारलं, कायद्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलता, कामातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेन यांनी तो प्रश्न उचलला आणि आयुष्यभर लावून धरला. १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं 'सांस्कृतिक सुरक्षितता' नर्सिंगच्या शिक्षणात आणली. वर्तमानपत्रांतून टीका झाली, प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं, पण विषय अभ्यासक्रमात टिकला. त्यातली कळीची गोष्ट अशी की शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही, हे ती घेणारा माणूस ठरवतो. आणि परिचारिकेनं दुसऱ्याच्या रीतींची यादी करण्याआधी आपले संस्कार, आपले पूर्वग्रह आणि आपल्या हातातली सत्ता पाहायची. पलंगावर आडव्या असलेल्या माणसासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे सत्ता असतेच, ती विद्यार्थिनी असली तरी.

आता वर्गात या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका-परिचारक आहेत आणि सातातली एक व्यक्ती जन्मलेल्या देशाबाहेर काम करते. म्हणजे वेगळेपण पलंगावर आहे तसं पलंगाच्या कडेलाही आहे, आणि आमच्या बाकांवरही. मात्र एका वर्गात बसवलं की मुलं आपोआप मिसळतात, असं समजू नका. एका भाषेची मुलं एका कोपऱ्यात बसतात. गट मी पाडते, आणि दर पोस्टिंगला, म्हणजे वॉर्ड बदलला की, बदलते. सुरुवातीला कुरकुर होते. पण रात्रीच्या ड्युटीला एकत्र चादर बदलताना माणसं एकमेकांशी बोलायला लागतात.

दुसरी भाषा बोलणारा विद्यार्थी पेपरात अडखळतो तेव्हा आधी प्रश्न वाचून पाहावा. दोन नकार आणि तीन उपवाक्यं घातलेला प्रश्न नर्सिंग तपासतो की व्याकरण? ज्याला औषधाचा डोस अचूक काढता येतो तो केवळ वाक्याच्या गाठीत अडकून नापास व्हावा, हे मला मान्य नाही. अर्थात वॉर्डातली भाषा त्याला यायलाच हवी, त्यासाठी वेगळा वेळ द्यायचा.

एक अवघड गोष्ट राहिली. कधी रुग्णच म्हणतो, "ही नको, दुसरी पाठवा." कारण तिचा रंग, तिचा धर्म, तिचं आडनाव, तिचा उच्चार. मुलगी ट्रे घेऊन तशीच उभी असते. पूर्वी शिक्षक तिला हळूच दुसऱ्या पलंगावर पाठवायचे, मीही पाठवलंय. ते चूक होतं. आता मी पलंगाजवळ जाते, रुग्णाला सांगते की ही माझी विद्यार्थिनी आहे, तिला हे काम येतं आणि मी इथेच उभी आहे. मग वॉर्डाबाहेर तिच्याजवळ बसते. 'मनाला लावून घेऊ नकोस' असं म्हणत नाही, कारण ते लागतंच.

गेल्या सत्रातलं एक दृश्य सांगते. दुभाषासोबत बोलायचा सराव आम्ही खऱ्या वॉर्डात घेत होतो. सगळे विद्यार्थी दुभाषाकडे बघून बोलत होते, "त्यांना विचारा, त्यांना सांगा," आणि रुग्ण आजोबा छताकडे पाहत पडून होते. मग दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. त्यानं स्टूल उचललं, आजोबांच्या डोळ्यांसमोर येईल असं ठेवलं आणि दुभाषाला आपल्या मागे उभं केलं. पहिला प्रश्न त्यानं थेट आजोबांकडे बघून विचारला, "तुम्हाला मी काय म्हणून हाक मारू?"

आजोबांनी छतावरची नजर खाली आणली, आणि उत्तराला बराच वेळ घेतला.