कुलंग एका दिवसात

(दृश्य: आंबेवाडी. पहाट. दक्षिणेला डोंगरांची काळी रांग.)

डावीकडे अलंग, मध्ये टोकदार मदन आणि उजवीकडे लांबलचक पसरलेला कुलंग. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात, आंबेवाडीच्या डोक्यावर हे तीन गड खांद्याला खांदा लावून उभे आहेत. अलंग-मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ च्या युद्धात तोडल्या असं सांगतात. आजही तिथे दोराशिवाय वर जाता येत नाही. कुलंगला दोर लागत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. दोर नाही म्हणजे सोपा, असं गृहीत धरून लोक येतात.

कुलंगची उंची १४७० मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याहून उंच. पण कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी तर वाट चुकायलाही जागा नसते, इतकी गर्दी! कुलंगच्या वाटेवर दिवसभरात दुसरा माणूस भेटेल याची खात्री नाही. गावापासून माथ्यापर्यंतची चढाई आठशे मीटरच्या आसपास. मुक्कामाला गेलात तर पाठीवर ओझं, पण हातात वेळ. एका दिवसात करायचा म्हटलं तर ओझं नाही, पण वेळेचा हिशोब पक्का हवा.

(दृश्य: कंदिलाच्या उजेडात नकाशा, वही, घड्याळ.)

हा हिशोब सकाळपासून मांडायचा नाही. तो संध्याकाळपासून उलटा मांडायचा.

डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पण खालच्या रानात, झाडांच्या दाटीत, साडेपाचलाच अंधारतं. त्या रानात ढोरवाटांचं जाळं आहे. दिवसाउजेडी चकवणाऱ्या त्या वाटा रात्री काय करतील, ते वेगळं सांगायला नको. तेव्हा पाच वाजता पाय गावाच्या शेतात पडायला हवेत. उतरायला साडेतीन तास धरा. म्हणजे दीड वाजता माथा सोडायचा. माथ्यावर पाऊण तास. शेवटच्या कोरीव पायऱ्यांना आणखी पाऊण तास. आता घड्याळ बघा: बारा वाजता तुम्ही पायऱ्यांच्या तळाशी असायला हवं. नसाल, तर तिथूनच परत.

ही वेळ गावातच, सगळ्यांसमोर ठरवून वहीत लिहायची. वर गेल्यावर ठरवू, असं म्हणणारा गट कधीच परत फिरत नाही. तिथून माथा दिसत असतो ना!

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा सांगितला होता. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. या आडाख्याने कुलंग तीन तासांच्या आत संपतो. प्रत्यक्षात चांगल्या चालीच्या गटालाही चार ते पाच तास लागतात.

(दृश्य: कडा आणि पदर. कॅमेरा खालून वर सरकतो.)

कारण या दगडात आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसाल्ट. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा झिजून उतार होतो, त्यालाच आपण पदर म्हणतो. त्यामुळे वाट सरळ वर जातच नाही. सोंडेवरून चढायचं, कडा आडवा आला की त्याच्या पोटाला लागून आडवं जायचं, फट सापडली की पुन्हा वर. आडव्या वाटेत उंची मिळत नाही, घाम मात्र तेवढाच जातो. पायाखाली मुरूम, त्यावर वाळलेलं गवत. या घसाऱ्यावर आडाखा चालत नाही.

आणि मग त्या पायऱ्या. कातळात खोदलेल्या, उंच, काही झिजलेल्या, एका बाजूला थेट दरी. चढताना समोर दगड दिसतो, उतरताना समोर फक्त हवा. म्हणून उतरणीला साडेतीन तास. नवखा असेल तर त्याने बसत बसत किंवा कातळाकडे तोंड करून उतरावं. यात लाजण्यासारखं काही नाही. घाई करणाऱ्या सोबत्याला मात्र लाज वाटायला हवी.

(दृश्य: पाण्याच्या बाटल्या, बॅटरी, भाकरी.)

पाणी माणशी चार लिटर. माथ्यावर टाकी आहेत, पण ती माथ्यावर आहेत. दिवाळीनंतर वाटेतल्या ओहोळांचा भरवसा नाही. प्रत्येकाकडे डोक्याला लावायची बॅटरी हवी, मोबाइलचा उजेड नव्हे. पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. स्पीकर घरी ठेवा. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर आणि धूरही नको.

ऋतू नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुक्यात वाट सापडत नाही, पायऱ्यांवर शेवाळ. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत. मार्चपासून कातळ तापतो.

आदल्या रात्री आंबेवाडीत पोहोचा. मुंबईहून कसारा लोकल, पुढे घोटी, आणि घोटीहून गावाकडे. एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, म्हणून सहा-सात जण मिळून जीप केलेली बरी. गावात जेवणाची, झोपायची सोय होते. वाटाड्या घ्याच. गुगलवरची रेघ पदरात येऊन संपते, त्याची वाट संपत नाही. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे गावात जिथे मुक्काम केला त्या घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा.

वर नेटवर्कचा भरवसा नाही. कुणाचा पाय मुरगळला तर सोबतच्याला रेंज मिळेपर्यंत चालावं लागेल, मग ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेली मंडळी धावून येतात, पण तीही आपापली कामं सोडून, शहरातून निघतात. तिथपर्यंत पोहोचायला काही तास जाणारच. रात्र काढता येईल एवढी एक चादर आणि थोडं खाणं गटाच्या म्होरक्याच्या पाठीवर असू द्या.

(दृश्य: माथा. पाण्याची टाकी, मग दगडी बंधारा.)

सगळं जुळलं, तर माथ्यावर पाऊण तास मिळतो. माथा लांबरुंद आहे, सगळा बघून होणार नाही. कातळात खोदलेल्या गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत. निवड करायची तर बंधारा बघा. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, दगडी भिंत घातलीय, जास्तीचं पाणी जायला तिला गोमुख ठेवलंय. वर शिबंदी, म्हणजे गडाची फौज, ठेवायची तर आधी पाणी धरायला हवं, हे बांधणाऱ्यांना पुरतं माहीत होतं. तिथून पूर्वेच्या टोकावर गेलात तर समोर मदन, मागे अलंग. फोटो तिथे काढा, पण सव्वाला परत फिरा. गटातले शेवटचे दोघे गडाच्या दरवाजापाशी यायला पंधरा मिनिटं लागतात.