बाजारामागचं चर्च

(दृश्य: वेस्ट साइड मार्केटचा मनोरा, मग मागचा रस्ता)

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या या बाजाराचा मनोरा १३७ फूट उंच. पाहुणे त्याचे फोटो काढतात, सॉसेज घेतात, निघतात. बाजाराच्या पाठीमागे सेंट एमेरिक चर्च आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही.

एमेरिक म्हणजे हंगेरियनमध्ये इम्रे. हंगेरीचा पहिला राजा इश्तवान, त्याचा हा मुलगा. १०३१ साली शिकारीत रानडुकराने मारला. गादी मिळालीच नाही, संतपद मिळालं.

(दृश्य: नदी, पूल)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीतले शेतकरी इथल्या कारखान्यांत मजुरीला आले. कामापुरतं इंग्रजी जमलं. पण पापाची कबुली परक्या भाषेत कशी द्यायची? १८९२ मध्ये फादर बोम कारोय आले (आडनाव आधी, ही त्यांची रीत) आणि शहराच्या पूर्वेला, बकआय रोडवर, सेंट एलिझाबेथ धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय) उभा राहिला. अमेरिकेतला हा पहिला हंगेरियन कॅथलिक धर्मग्राम. पश्चिमेकडच्यांना मात्र मध्ये ही कायाहोगा नदी. दर रविवारी पोराबाळांना घेऊन पलीकडे किती दिवस जाणार? १९०४ मध्ये त्यांनी आपली वेगळी चूल मांडली: सेंट एमेरिक.

बुडापेस्टखालोखाल सगळ्यात जास्त हंगेरियन क्लीव्हलंडमध्येच, असं इथले जुने लोक छातीठोकपणे सांगत. आकडे तसं म्हणत नाहीत. पण बकआय रोडवर वाढलेल्याला आकडे कोण दाखवणार?

१९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले आणि निर्वासितांची नवी लाट आली. सेंट एमेरिकच्या आवारात हंगेरियन स्काउट जमत. मुलं दिवसभर शाळेत इंग्रजी बोलायची, इथे आली की मग्यार, म्हणजे हंगेरियन.

(दृश्य: बंद दार)

२००९ मध्ये बिशप रिचर्ड लेनन यांनी आपल्या धर्मप्रांतातले, म्हणजे त्यांच्या अखत्यारीतल्या भागातले, सुमारे पन्नास धर्मग्राम बंद किंवा विलीन करायचं जाहीर केलं. लोक उपनगरांत गेलेले, धर्मगुरू अपुरे, पैसा कमी. कारणं खरीच होती. पण त्या हिशेबात मातृभाषेतल्या प्रार्थनेसाठी रकाना कुठला? ३० जून २०१० ला सेंट एमेरिकला कुलूप लागलं.

चर्चच्या कायद्यात दाद मागायला मुदत अवघी दहा दिवसांची. अर्ज आधी बिशपकडेच, त्यांनी नाकारला की रोमला, पोपच्या दरबारी. तो रोमला गेला. मार्च २०१२ मध्ये निकाल आला: बिशपांनी ठरलेली पद्धत पाळलेली नाही. क्लीव्हलंडच्या इतर काही धर्मग्रामांनाही हाच निकाल मिळाला. नोव्हेंबरमध्ये दार उघडलं. मधल्या काळात दुसरीकडे रुळलेले सगळेच काही परतले नाहीत.

(दृश्य: मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी. मूळ आवाज.)

इथून पुढे सगळं हंगेरियनमध्ये आहे. खाली भाषांतर दिलेलं नाही.