आई ‘कंबर’ म्हणते तेव्हा

(नागपुरात ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या मुलामुलींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. पुढच्या रांगांत आई-वडील बसले आहेत आणि मागे त्यांची मुलं, सुना, लेकी. या दुखण्याबद्दल बोलायचं तर दोघंही समोर हवेत.

मी पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. आईला घेऊन येणारा मुलगा पहिलं वाक्य बोलतो ते असं, “मॅडम, आईची कंबर दुखते.” मग मी आईंना म्हणते, “एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं?” त्या मुलाकडे बघतात, पदर सारखा करतात आणि बोट कमरेवर ठेवतात. मुलाला जरा बाहेर बसायला सांगितलं की तेच बोट हळूच वीतभर खाली सरकतं. दुखत असतो कुल्ला. पण त्या पिढीच्या बाईने हा शब्द मुलासमोर उच्चारायचा कसा? म्हणून पाठीपासून मांडीपर्यंत जे काही दुखेल त्याला एकच नाव, कंबर.

माझ्या घरीही हेच झालं. आई अठ्ठ्याहत्तरची. मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जायचा तिचा नेम होता, तो सुटला. विचारलं की म्हणायची, “काही नाही गं, कंबर धरली आहे नं.” मीही वय झालं म्हणून सोडून दिलं. दिवसभर परक्यांच्या कमरा तपासणारी मी, स्वतःच्या आईला बोटाने दाखव म्हणायला मला वर्ष लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि आज इथे उभी आहे त्यामागे हेही एक कारण आहे.

एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर भाजी आणायला गेले. ती विजेच्या दोन खांबांएवढं अंतर चालली की थांबायची आणि कुणाच्या तरी ओट्यावर टेकायची. दोन मिनिटांत उठून पुन्हा चालू लागायची. भाजीवाल्याच्या हातगाडीशी पोहोचल्यावर तिने दोन्ही हात गाडीवर टेकले, पुढे वाकली आणि म्हणाली, “आता बरं वाटतं.” त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

ते का, हे समजून घ्या. मणक्यांच्या मधल्या पोकळ नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसा खाली उतरतात. वयाबरोबर सांध्यांची हाडं वाढतात, आतले बंध जाड होतात आणि ही नळी अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते. पुढे वाकलं किंवा बसलं की थोडी मोकळी होते. म्हणून असा माणूस चालला की कुल्ले आणि मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात आणि बसल्यावर उतार पडतो. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी चालताना असंच दुखतं, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना. पण ते दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, बसावं लागत नाही. हा फरक टिपायला मशीन लागत नाही, आईबरोबर अर्धा तास चालावं लागतं.

कुल्ला दुखण्याची बाकीची कारणं थोडक्यात सांगते. कळ कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली, पावलापर्यंत उतरत असेल तर ती सायटिक नसेची असू शकते. जांघेत दुखत असेल, पायाची नखं कापणं आणि मोजे घालणं अवघड झालं असेल, तर मणका बाजूला ठेवून खुब्याचा सांधा तपासून घ्या. कडक जागी बसलं की बसायच्या हाडावर नेमकं टोचतं, ते हाडाखालच्या पिशवीच्या सुजेचं असतं. या दुखण्याला इंग्रजीत विणकरांवरून नाव पडलं आहे. आपल्या नागपूरच्या कोष्टी घरांतली कितीतरी म्हातारी माणसं उभा जन्म मागावर बसली, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता एमआरआयबद्दल. “गॅप आला आहे, गादी सरकली आहे, नस दबली आहे,” हे शब्द घरात शिरले की आई खाटेवरून उठायला घाबरते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, आणि दुखत तर कुणालाच नव्हतं. म्हणजे केस पांढरे होतात तशी गादीही झिजते. फिल्मवर दिसलं तेच दुखतं आहे असं धरून चालू नका. एमआरआय कामाचा आहे, पण आईच्या चालण्याशी आणि तिच्या बोटाशी तो जुळला पाहिजे.

काही गोष्टींत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर रात्र असली तरी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा, मेयो रुग्णालय गाठा, जे जवळ असेल ते गाठा. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, हेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडल्या पडल्याही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय डोक्यात ठेवा. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. पूर्वी कधी कॅन्सर होऊन गेला असेल तर तेही आपणहून सांगा.

आणि आपल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट. मे महिन्यात कूलरमध्ये बादलीने पाणी कोण भरतं? घरी असते ती आई. हाडं ठिसूळ झालेली, बादली उचलून वाकताना कट्कन काहीतरी होतं आणि घरचे म्हणतात उसण भरली. मग पायाळू माणूस शोधतात, पाठीवर लाथ मारून घेतात, नातवाला कमरेवर उभं करतात. मंडळी, हात जोडून सांगते, हे करू नका. तो मणक्याचा दबलेला फ्रॅक्चर असू शकतो. आधी एक्स-रे काढा आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. तिळाच्या तेलाने हलक्या हाताने चोळायला माझी ना नाही. शेकायच्या पिशवीचं मात्र जपून. मधुमेहात पायाला चटका कळत नाही आणि फोड येतात.

गोळ्यांकडे येते. घरोघरी डब्यात दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असतेच, डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक. आई ती स्वतःहून घेते, आणि कधी कधी तुमच्यापासून लपवून. या गोळ्या जठराला जखम करतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. ज्यांना रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांना धोका आणखी मोठा. त्यात नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन. आणि आई पाणीही कमी पिते. का पिते कमी? रात्री संडासात जायला उठलं की कुल्ल्यात कळ येते म्हणून! दुखणं, कमी पाणी, ऊन आणि गोळी, चारही गोष्टी एका मूत्रपिंडावर येऊन पडतात. “आई, पाणी पीत जा” असं सांगून हे सुटत नाही. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावा, भिंतीला दांडी बसवा, कमोड ठेवा, पाणी ती आपोआप पिऊ लागेल. फक्त हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. कोणती गोळी किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, आणि जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून सोबत न्या. झोप आणणाऱ्या, चक्कर आणणाऱ्या गोळ्यांनी माणूस पडतो आणि खुबा मोडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

कमरेला बांधायच्या पट्ट्याचं विचारतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शन दिलं, त्यात पट्टे आणि वजन लावून ओढ देणं यांची शिफारस नाही. शिकवणं आणि व्यायाम यांची आहे. दिवसभर बांधलेल्या पट्ट्यावर विसंबून राहिलं की माणूस हलायला भितो. “आई, तू आराम कर, मी करते,” हे आपण मायेने म्हणतो. पण आठ-दहा दिवस पलंगावर काढले की म्हातारपणी मांडीची ताकद किती झपाट्याने उतरते, हे मी रोज बघते. फ्रॅक्चरच्या कळीत दोन-तीन दिवस पडून राहावं लागलं तर राहावं, पण जुन्या दुखण्याला पलंग देऊ नका.

माझ्या आईला मी चालणं वाटून दिलं. तिला दुखायला सुरुवात व्हायची सात मिनिटांनी, म्हणून पाचव्या मिनिटाला बसायचं, दुखायची वाट बघायची नाही. असं दिवसातून चार वेळा. घरात जमिनीवर बसणं बंद केलं, देवघर स्टुलावर आणलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, कारण पाटावर न बसता पूजा हे तिला पटत नव्हतं. मी वाद घातला नाही. तिनेच एक दिवस खुर्ची ओढून घेतली. सहा महिन्यांनी ती टेकडीला गेली, वाटेत तीनदा बसून. दुखणं अजून आहे. सकाळी असतं, थंडीत जास्त असतं. पण मंगळवार परत आला.

आता मागच्या मुलांनी पुढे यायचं. प्रत्येकाने आईची किंवा बाबांची खुर्ची भिंतीला टेकवा, सरकायला नको. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. आई, नाक पुढे आणा, पायाच्या अंगठ्यांवर येईपर्यंत, आणि मग उठा. हात लागले तर लावा. बाळा, तिला ओढू नकोस, नुसता शेजारी उभा राहा. सावकाश खाली. धपकन नाही. हं, आता दुसऱ्यांदा.