अल्बममधले रिकामे कप्पे

[दृश्य: बेळगाव, वडगाव. पहाट. गल्लीत अंधार, एका खिडकीत दिवा.]

सकाळचे सहा वाजलेत. वडगावात अजून माग सुरू झालेले नाहीत. आठच्या सुमाराला गल्लीतले पॉवरलूम धडधडायला लागतात आणि मग शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. म्हणून माझी धाकटी बहीण रोज याच वेळेला फोन लावायची. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. दाजी कामावरून येऊन भात लावत असायचे, ही इकडं चहा टाकायची. माग सुरू होईपर्यंतचे ते दोन तास, एवढाच त्यांचा संसार. तो साडेतीन वर्षं तसाच चालला.

लग्न फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. ती विमानात बसली ऑगस्ट २०२५ मध्ये.

मधल्या काळात काय झालं ते सांगायला ही फिल्म केली आहे. आमच्याकडं स्थळ बघताना मुलगा किती कमावतो, घर स्वतःचं आहे काय, धाकटी नणंद लग्नाची आहे काय, सगळं विचारतात. अमेरिकेत तो कुठल्या कागदावर राहतो हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. मध्यस्थ म्हणाले, 'ग्रीन कार्ड आहे', म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना, आणि आमचे अप्पा म्हणाले, 'मग काय, बार उडवूया.'

[दृश्य: स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन वाट्या. आई त्यांत तांदूळ घालते आहे.]

आईला ही भानगड मी तीन वाट्या मांडून समजावली होती.

पहिली वाटी अमेरिकेच्या नागरिकाची. त्याच्या बायकोला किंवा तिच्या नवऱ्याला कायमच्या वास्तव्याचा व्हिसा द्यायला संख्येची मर्यादा नाही. जो वेळ लागतो तो कागद तपासायला. अर्थात तोही थोडा नाही. गेल्या काही वर्षांत नुसता पहिला अर्ज मंजूर व्हायलाच साधारण वर्ष लागतंय, पुढचे टप्पे वेगळे.

दुसरी वाटी ग्रीन कार्डवाल्याची. त्याची बायको 'एफ-टू-ए' या वर्गात येते. सगळ्या जगातल्या अशा बायका, नवरे आणि लहान मुलं मिळून या वर्गाला वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसे असतात. मागणी वाढली की रांग लागते.

तिसरी वाटी एच-वन-बी या तात्पुरत्या व्हिसावर नोकरीला गेलेल्या मुलाची. त्याची बायको एच-फोर व्हिसावर त्याच्यामागं जाते, या रांगांशी तिचा संबंधच नसतो.

आई बराच वेळ वाट्यांकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे ज्याचा तिथला मुक्काम तात्पुरता, त्याची बायको आधी जाणार? आणि ज्याचं बूड टेकलंय, त्याचीच इथं राहणार?"

हो. तसंच आहे ते.

या भागातल्या आईबापांना इथंच एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. नोकरीतून ग्रीन कार्डसाठी थांबलेल्या मुलांच्या घरी हल्ली मी ऐकतो, 'एकदा कार्ड हातात येऊ दे, मग तारीख काढू.' असं करू नका. कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालेलं असलं, तर बायकोला नवऱ्याच्याच रांगेतली जागा मिळते. कार्ड आल्यावर लग्न केलं, तर तिच्यासाठी नवा अर्ज आणि नवी रांग. आधी लग्न करायचं की नंतर, एवढ्यावर पुढची काही वर्षं ठरतात. मुहूर्त काढायच्या आधी तिकडच्या वकिलाला एक फोन करा.

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर तक्ता. बोट एका ओळीवर थांबतं.]

दाजींना कार्ड २०१९ मध्येच मिळालं होतं, त्यामुळं आमची वाटी दुसरी. जून २०२२ मध्ये त्यांनी आय-१३०, म्हणजे बायकोला बोलावून घ्यायचा पहिला अर्ज, भरला. तेव्हा फी ५३५ डॉलर होती. एप्रिल २०२४ पासून ती कागदावर भरला तर ६७५ आणि ऑनलाइन भरला तर ६२५ झाली. पावती आली. तीन अक्षरं आणि दहा आकडे. तो नंबर माझ्या बहिणीला अजून झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल.

त्या वेळी एफ-टू-ए 'करंट' होतं. म्हणजे रांगच नव्हती, अर्ज मंजूर झाला की पुढं सरकायचं. जुलै २०१९ पासून तसंच चाललं होतं. आम्ही निर्धास्त. दर महिन्याच्या मध्यावर अमेरिकेचं परराष्ट्र खातं पुढच्या महिन्याचं व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात प्रत्येक वर्गापुढं एक तारीख असते. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख, तिच्या आधीची असेल तरच तुमचा नंबर.

एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये त्या रकान्यात 'करंट' नव्हतं. ८ सप्टेंबर २०२० अशी तारीख होती. बहिणीचा अर्ज त्याच्यानंतरचा, जवळजवळ पावणेदोन वर्षांनी.

ती माझ्याकडं फोन घेऊन आली. "दादा, तारीख मागं कशी जाते रे?"

जाते. वर्षाचा कोटा संपत आला की खातं तारीख मागं ओढतं. त्याला रेट्रोग्रेशन म्हणतात. त्यात अर्जदाराची काही चूक नसते आणि त्याला काही करताही येत नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला तारखांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, अप्पा अजून त्याची बातमी कापून ठेवतात. पण ती तारीख सगळ्या गावाची असते. ही तारीख एकट्या पोरीची होती.

[दृश्य: संक्रांत. अंगणात रांगोळी. बायका वाण घेऊन निघाल्यात.]

'तिकडं जाता येत नाही तर फिरायला म्हणून जाऊन ये की.' हा सल्ला आम्हांला निदान पन्नास जणांनी दिला असेल. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिकडं कायमचा राहायलाच येतोय असं अमेरिकेचा कायदा आधी धरून चालतो. तसं नाही हे आपण पटवून द्यायचं असतं. जिचा नवरा तिथं आहे आणि जिच्या नावानं कायमच्या व्हिसाचा अर्ज पडून आहे, तिनं ते कसं पटवायचं? एका एजंटानं सुचवलं होतं की लग्नाचं लिहूच नका. ते ऐकलं नाही हे आमचं नशीब. व्हिसासाठी खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी येऊ शकते.

बरं, दाजींनी इथं येऊन राहावं, तर तेही सोपं नाही. ग्रीन कार्डवाला सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की नागरिकत्वासाठी मोजला जाणारा काळ तुटायची भीती. परवानगी न घेता वर्षभर राहिला तर कार्डच धोक्यात. त्यात नोकरीची रजा. दिवाळसणाला ते आले ते अकरा दिवसांसाठी. त्यातले दोन दिवस जेट लॅगमध्ये गेले आणि एक पाहुण्यांकडं.

लोक वाईट नसतात, पण विचारतात. दळप आणायला गेली की विचारतात, दूध आणायला गेली की विचारतात. "काय गं, आला काय तुझा कागद?" पहिल्या संक्रांतीला ती हौसेनं सगळ्यांकडं हळदीकुंकवाला गेली. दुसऱ्या वर्षी दोन घरं करून परत आली. तिसऱ्या वर्षी गेलीच नाही. आई तिच्या वाट्याचं वाण गोळा करून आणायची आणि काही न बोलता कट्ट्यावर ठेवायची. सासर शहापुरात, चालत जाण्याच्या अंतरावर. सासू समजूतदार. तरी नवरा नसलेल्या सासरी किती राहायचं आणि लग्न झाल्यावर माहेरी किती राहायचं, हा हिशोब तिनं कसा मांडला असेल, मला आजही कळत नाही. ती विचारू देत नाही.

[दृश्य: पलंगावर पसरलेली कागदपत्रं. जवळून: जन्मदाखला, घड्यांवर चिकटपट्टी.]

आता कागदांविषयी. रांग आपल्या हातात नाही, पण हे आपल्या हातात आहे.

बहिणीच्या नावात 'त' आहे. मराठी शाळेतल्या दाखल्यावर इंग्रजीत तो 'टी' एवढाच. कर्नाटकात 'त' लिहिताना 'टी'पुढं 'एच' लावायची पद्धत आहे. म्हणून दहावीच्या मार्कशीटवर 'एच' आला. आधार कार्डावर 'एच' नाही. लग्नाच्या नोंदणीत पुन्हा आला. पासपोर्ट काढताना ज्यानं फॉर्म भरला त्यानं तो काढून टाकला. एकच मुलगी, पण कागदांवर दोघी. त्यात पासपोर्टवर जन्मठिकाण 'बेलगाम', कारण शहराचं नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेळगावी' झालं आणि पासपोर्ट पहिल्यांदा काढला तो त्याच्या आधी. लग्नाच्या दाखल्यावर 'बेळगावी'. आपल्याला हे एकच गाव आहे हे माहीत असतं. सात समुद्रापलीकडं बसून फाईल बघणाऱ्याला ते आपण लिहून द्यायला लागतं.

जन्मदाखला कन्नडमध्ये. त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे असं सही करून द्यायला लागतं. कोर्टाच्या आवारात एकानं ते करून दिलं आणि त्यानंही सवयीनं 'एच' लावला. पुन्हा टाईप, पुन्हा सही. शेवटी दोन्ही स्पेलिंग एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं. तुमच्या घरी मुलगी लग्नाची असेल तर आजच तिचा जन्मदाखला काढून बघा. कित्येकांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, आणि ते ऐन वेळी कळतं.

लग्न खरं आहे, हे दाखवायला फोटो लागतात. अप्पांनी हट्टानं छोट्या फोटोंचे प्रिंट काढून प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम केला होता. बहिणीनं त्यातले एकोणीस फोटो काढले. एकट्या जोडीचे नाहीत, दोन्हीकडची माणसं भरपूर दिसतील असे. सप्तपदी, सुनमुख, पंगत. प्रत्येकाच्या पाठीमागं निळ्या पेननं तारीख, जागा आणि कोण कोण ते इंग्रजीत लिहिलं. अल्बममध्ये एकोणीस कप्पे रिकामे राहिले. पाहुणे आले की आई तेवढी पानं पटकन उलटायची.

[दृश्य: पाऊस. स्टेशन. गाडीच्या खिडकीवर ओघळ.]

मार्च २०२४ मध्ये दाजींच्या कार्डाला पाच वर्षं झाली आणि त्या उन्हाळ्यात ते नागरिक झाले. त्यांनी नागरिकत्वाचा दाखला पाठवला तशी बहिणीची वाटी बदलली, दुसरीतून पहिलीत. नवा अर्ज लागला नाही. एफ-टू-ए ची रांग सुटली.

मग अर्ज मंजूर झाला आणि फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडं गेली. तिथं १२० आणि ३२५ डॉलर अशा दोन फी, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, आणि दाजींचं हमीपत्र की हिला मी सांभाळीन. त्यासाठी उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असायला लागतं. पोलिसांचा दाखला, पीसीसी, पासपोर्ट खात्याकडून. तो फार आधी काढून ठेवू नका, त्याला दोन वर्षांची मुदत असते. सगळे कागद पटले की 'डीक्यू' झालं म्हणतात, म्हणजे फाईल पूर्ण. त्यानंतर मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत पुन्हा थांबायचं.

मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत. वैद्यकीय तपासणी आपल्या डॉक्टरकडं चालत नाही, त्यांनी नेमलेल्या दवाखान्यातच करायला लागते. आषाढात आम्ही दोघं हुबळी-दादर गाडीनं निघालो. रात्रभर ती फाईल मांडीवर घेऊन बसली. वरच्या बर्थवर ठेव म्हटलं, तर म्हणाली, "नको दादा, असू दे."

मी बाहेर रस्त्यावर थांबलो. पावसानं छत्री उलटी केली होती. ती बाहेर आली तेव्हा मला तोंडावरून काहीच कळेना. मग म्हणाली, "नवऱ्याला शेवटचं कधी भेटलात विचारलं. मी तारीख सांगितली, आणि बोर्डिंग पासची झेरॉक्स द्यायला लागले, तर बाई म्हणाल्या राहू दे." पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला होता. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काय, हे या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जी जाते तिला दोनच वर्षांचं कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो. बहिणीच्या लग्नाला साडेतीन वर्षं झाली होती, त्यामुळं तिला थेट दहा वर्षांचं.

[दृश्य: वडगावातलं घर. दुपार. मागांचा आवाज.]

नागपंचमी माहेरी करून ती गेली.

फोटो आईकडं परत आले. ते तिनं एका दुपारी अल्बममध्ये घातले, एकेक कप्पा बघून. सप्तपदी, सुनमुख, पंगत. एकच फोटो तिनं उलटा घातलाय. मी सरळ करायला गेलो तर हात धरला. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण मागच्या त्या तीन निळ्या ओळी लेकीच्या अक्षरातल्या आहेत.