झाडण्याआधी मोजा

नमस्कार, श्रोतेहो. शाळेच्या मैदानावर कचरा दिसला की आपला हात आधी झाडूकडे जातो. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी एकदा वही उघडा. झाडल्यावर मैदान स्वच्छ होतं खरं, पण कचरा आला कुठून, याचा माग त्याच्याबरोबरच पुसला जातो.

१९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सफाईला जमलेल्या स्वयंसेवकांनी कचरा नुसता उचलला नाही, काय काय सापडलं ते लिहूनही ठेवलं. जगभर चालणारी किनारा सफाई मोहीम त्यातूनच वाढली. मुलांनाही हे सहज जमतं.

दोरीने १० मीटर लांब, १० मीटर रुंद असे चार चौकोन आखा. एक फाटकाजवळ, एक नळांपाशी, एक भिंतीच्या कडेला, आणि एक मुद्दाम अशा जागी जिथे फारसं कोणी जात नाही. हा शेवटचा चौकोन वगळू नका, बाकीच्यांची तुलना त्याच्याशीच होते. एका चौकोनात ४० तुकडे सापडले, तर चौरस मीटरला ०.४. दर वेळी वेळ तीच, झाडलोट होण्याआधीची.

वजन करून भागेल, असं वाटतं. मला ते पटत नाही. पावसात भिजलेला कागद जड होतो, कचरा मात्र तेवढाच असतो. आणि पुडी फाडताना उडालेला तो नखाएवढा चकचकीत कोपरा पाहिलाय ना? पुडी डब्यात जाते, कोपरा गवतात राहतो. तराजूला तो कळतच नाही. उन्हाने, पायांखाली त्याचे आणखी बारीक तुकडे होतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्यालाच मायक्रोप्लास्टिक म्हणतात. असे कोपरे एकाच जागी खूप सापडले, तर पुड्या बहुधा तिथेच उघडल्या जातात.

एकाच कागदाचे चार तुकडे चार धरायचे की एक, ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि मग बदलू नका. काही सापडलं नाही तर शून्य लिहा. रकाना कोरा राहिला, तर मोजलं नाही की सापडलं नाही, हे पुढे कोणाला कळणार? फुटकी काच दिसली तर मुलांनी हात न लावता शिक्षकांना बोलवावं.

आणि एक कळकळीची विनंती. या वहीत कोणत्या वर्गाने कचरा केला, ते लिहू नका. वहीची भीती बसली की मुलं खरे आकडे लिहीत नाहीत. जागा, वेळ, प्रकार आणि संख्या पुरे. कचऱ्याचा डबा हलवलात, तर त्या दिवशीच्या तारखेसमोर तेही लिहा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच चौकोनात, त्याच वेळी पुन्हा मोजा.